भुलाबाईचं तोंड भिंतीकडे

अमडापूर, भाद्रपद पौर्णिमा

प्रिय सत्यभामा,

खुळ् खुळ् खुळुक.

बीबी गावाला तुझ्या वडिलांच्या ओसरीत, सतरंजीच्या अगदी कडेला बसून ऐकलेला तो आवाज आज दिवस कलताना पुन्हा कानात वाजू लागला, म्हणून हे पत्र. तेव्हा दसरा होऊन गेला होता, कोजागरी यायची होती आणि मी मुलगी पाहायला आलो होतो. आपल्या दोघांचे वडील ज्वारीच्या भावावर बोलत होते. माझे मामा सुपारी कातरत होते. आत पडद्यामागे भुलाबाईची गाणी संपली आणि कोणीतरी पितळी डबा हलवू लागलं. पोरी आतला खाऊ ओळखून ओळखून थकल्या, डबा काही उघडेना. मला राहवलं नाही. चार मोठी माणसं बसलेली असताना मी ओसरीतून मोठ्यानं म्हणालो, "फुटाणे."

ज्वारीचा भाव तिथंच थांबला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग पडद्यामागून तुझा आवाज आला.

"न्हाई."

तू माझ्याशी बोललेला पहिला शब्द तो. मामा म्हणाले, "घ्या, होकाराच्या आधीच नकार देला पोरीनं." आणि ओसरी हसली. त्या दिवशी डब्यात काय होतं ते तू मला आजवर सांगितलेलं नाहीस. लग्न झाल्यावर विचारलं, सिंधूच्या बारशाला विचारलं, मागे मोतीबिंदू काढायला तुला आत नेत होते तेव्हाही स्ट्रेचरच्या बाजूनं चालत विचारलं. तुझं उत्तर ठरलेलं. "ओळखा."

वर 'प्रिय' लिहिलं, मग खोडावं की काय वाटलं, मग राहू दिलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो, तुला पत्र लिहायची पाळीच आली नव्हती. आता फोन लावला की सिंधू उचलते आणि म्हणते, आई देवळात गेली. सकाळी देवळात, दुपारी देवळात, रात्री जेवणाच्या वेळी देवळात. नांदुऱ्याच्या देवाला माझी दया आली. म्हणून शेवटी कागद घेतला. आणि हो, बोलताना मी मले-तुले करतो आणि कागदावर मला-तुला लिहितो, याला तू हसशील हे मला ठाऊक आहे. शाळेत कविता पाठ करताना गुरुजींनी लावलेलं वळण आहे ते. हात जुनं विसरत नाही.

आज भुलाबाई बसली. कुंभाराकडून भुलोबा-भुलाबाईची जोडी मीच आणली. ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर बांधलं, वरून कापसाची माळ सोडली. पोरी आल्या, गाणी म्हटली, खाऊ ओळखला आणि गेल्या. आजी कुठं म्हणून विचारलं, तर लेकीकडे गेली, येईल, असं सांगितलं. इथं सगळं झकास चाललं आहे. काळजी नसावी.

तुझा
नारायण


अमडापूर, भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय सत्यभामा,

मागच्या पत्रात झकास लिहिलं होतं. त्यातला थोडा भाग परत घेतो.

पहिल्या दिवशी डब्यात बत्तासे होते. मी डबा हातात घेतला, अजून हलवलाही नव्हता, तर शेजारच्या वच्छलाबाईची काजल म्हणाली, "बत्तासे." तिनं दुकानातून येताना माझ्या हातातली पुडी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी केळी. केळी वाजत नाहीत, हे मला डबा हलवल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी मनावर घेतलं आणि शेंगदाण्याची चिक्की करायला बसलो. पाक कधी उतरवायचा हे विचारायला घरात कोणी नव्हतं. चिक्की ताटाला अशी बसली की ताट उलटं करून उखळीवर आपटलं, तेव्हा उखळीचा टवका उडाला, चिक्कीचा नाही. शेवटी हातोडीनं तुकडे केले. डबा हलवल्यावर सगळ्या पोरींनी एका सुरात ओळखलं, "दगड." मी न्हाई म्हणालो. डबा उघडला. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काजल म्हणाली, "आबा, आमी बरोबरच होतो."

डबाही स्टीलचा. पितळी डबा तू घेऊन गेलीस. कपडे दोन जोडी नेलेस, चष्मा विसरलीस, रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यासाठी सिंधूला परत यावं लागलं, पण डबा मात्र आधी पिशवीत घातलास.

आता भांडणाचं. मला एवढंच म्हणायचं आहे की मी तुझा खाऊ फोडलेला नाही. मागच्या कोजागरीला तुझ्या डब्यात बोरकूट होतं. वाळल्या बोरांचं कूट, त्यात गूळ, त्याच्या गोळ्या. आश्विनात बोरं कोणाच्या ध्यानीमनी असणार? सगळी आळी हरली होती. सत्यभामाबाईचा खाऊ ओळखू येत नाही ही तुझी इतक्या वर्षांची कमाई, ती मला काय कमी प्यारी होती? पण काजल रडकुंडीला आली होती गं. मी फक्त एक कविता म्हटली. स्वतःशीच म्हटली.

काट्याकुट्यात वाढली पोर,
थंडीत तिचा भारी जोर,
उन्हात वाळली, खलात कुटली,
तरी जिभेवर आंबट चोर.

आता ती पोर कान टवकारून माझ्या शेजारी उभी होती, यात माझा काय दोष? तिनं ओळखलं. वच्छलाबाईनं लगेच आळीभर केलं की सत्यभामेचा खाऊ आमच्या काजलनं ओळखला. तू वर्षभर ते सोसलंस. आणि यंदा भुलाबाई बसायच्या चार दिवस आधी काजल येऊन तुलाच विचारते, आजी, यंदा पण आबा कविता सांगतील काय. तू पोळपाट उभा केलास आणि पिशवी भरलीस. मला एवढंच म्हणालीस, "घरातलाच फुटला, मग बाहेरच्यांना काय बोलू?"

नाव सत्यभामा ठेवणाऱ्याला आधीच कळायला हवं होतं, रुसवा घरात येणारच.

आणि एक. पोरींना खरं कळलं आहे. काल आल्या तशी काजलनं मखरातली भुलाबाई उचलली आणि तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवली. भुलोबा बिचारा आमच्याकडे पाहतो आणि भुलाबाई चुन्याकडे. मी म्हणालो हे काय, तर म्हणते, "आजी रुसली तं आमची बाई बी रुसली. आजी आली का फिरवू."

आता मला रोज सांजेला तिच्या पाठीला हळदीकुंकू लावावं लागणार.

तुझा
नारायण


अमडापूर, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी

प्रिय सत्यभामा,

तुझं कार्ड मिळालं. ना मायना, ना सही. "पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहावा. टणक गोळी झाली की भांडं लगेच उतरवावं." एवढ्या दोन ओळी. मी त्या ओळी सकाळपासून किती वेळा वाचल्या हे लिहीत नाही, तुझं डोकं चढेल. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला अजून मुखपाठ आहेत, पण त्यातल्या एकाही ओळीत एवढा ओलावा नव्हता. चिक्की पुन्हा केली. जमली. पोरींनी तिसऱ्या फेरीत ओळखली, म्हणजे मान राखला.

काल वेगळीच गंमत झाली. गाणी आटोपल्यावर काजल म्हणाली, "आबा, फेब्रुवारीत खामगावच्या दुकानाईत लाल फुगे लावतात. प्रेमाचा दिवस म्हणून. तो कोणं काढला?" बाकीच्या पोरी तोंडावर ओढण्या घेऊन हसू लागल्या. मी म्हणालो हसू नका, विचारलं ते चांगलं विचारलं.

मला सिंधूच्या प्रतीक्षानं एकदा मोबाईलवर वाचून दाखवलं होतं, तेवढं सांगितलं. म्हटलं, फार जुनी गोष्ट आहे, रोम नावाच्या मुलखातली. कोणी सांगतात की तिथल्या राजाला वाटलं, लग्न झालेला शिपाई लढाईत मागं पाहतो, म्हणून त्यानं शिपायांची लग्नंच बंद केली. एका साधूनं ती चोरून लावून दिली. राजानं त्याला मारलं. त्याच्या नावाचा तो दिवस. पुढं कोण्या कवीच्या मनात आलं की त्याच सुमाराला पाखरं जोडी शोधतात, आणि मग साधू मागं राहिला, पाखरं पुढं आली, पाखरांमागून फुगे आले. यात खरं किती, खोटं किती, ते शोधणारेसुद्धा अजून भांडतात.

एक पोर म्हणाली, "मंग आपल्यात असा दिवस नाही काय?"

सत्यभामा, मी मखराकडे हात केला. म्हटलं, पोरीहो, तुम्ही महिनाभर टिपऱ्या खेळता, खाऊ खाता, आणि ही बाई कोण म्हणून कधी विचारलं नाही? मग त्यांना तू सांगायचीस ती गोष्ट सांगितली. शंकर आणि पार्वती सारीपाट खेळायला बसले. पार्वतीनं डाव जिंकला. शंकर रुसले आणि रानात निघून गेले. देवाला हरणं सोसत नाही, तर माणसाचं काय. पार्वतीनं वाट पाहिली. मग तिनं भिल्लिणीचा वेश घेतला, त्याच रानात गेली, नाचली, गायली. आणि शंकर तिला पाहून भुलले. स्वतःच्याच बायकोवर. ओळखलं नाही आणि पुन्हा नव्यानं जीव जडला. भुलला तो भुलोबा, भुलवणारी ती भुलाबाई. म्हणून ही दोघं रानातल्या वेशात बसतात आणि आपण त्यांना गाणी म्हणतो.

काजल म्हणाली, "म्हंजे भांडण झालं नसतं तं सणच झाला नसता."

मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या सणात साधू मेला, आपल्या सणात देव रुसला. मला आपला बरा वाटतो. फुगा आणून देणं सोपं आहे. पण रोज पाहिलेलं माणूस पुन्हा अनोळखी होऊन दारात यावं आणि आपण पुन्हा भुलावं, याला सणच म्हणायला हवं. तुला काय वाटतं ते कार्डावर लिही. पाकाची कृती चालेल, पण खाली सही कर.

तुझा
नारायण


अमडापूर, आश्विन शुद्ध चतुर्थी

प्रिय सत्यभामा,

टेकडीवरच्या देवीला माणसांची रीघ लागली आहे आणि शिवारात सोयाबीन काढायची घाई. दिवसभर मळणीयंत्राची घरघर. माझ्या मेथीकडे कुणी लक्ष द्यायला तयार नाही. तू नाहीस तर मेथीसुद्धा नीट उगवत नाही असं लिहिणार होतो, पण ती चांगली उगवली आहे, खोटं कशाला.

तुला एक सांगायचं आहे. सावकाश वाच.

काल घरात खाऊ नव्हता. दुकानं लवकर बंद झाली, पोरी तर अंगणात आल्या. स्टीलच्या डब्यात काही टाकलं की तो नुसता खडखडतो, तेव्हा मी देवघरातला पितळी गडवा घेतला, हाताला लागलं ते त्यात टाकलं, वर ताटली धरली आणि बाहेर जाऊन हलवला. म्हटलं दोन घटका पोरींना खेळवू, मग गूळखोबरं देऊ.

आणि मी तिथंच बसलो. ओट्याच्या पायरीवर. पोरी म्हणाल्या आबा काय झालं, चक्कर आली काय. कोणी पाणी आणलं. मी गडवा पुन्हा हलवला.

तोच आवाज गं. खुळ् खुळ् खुळुक. बीबीच्या ओसरीतला. शेवटी तो जरा अडखळतो ना, तसाच अडखळला. मला तुझ्या वडिलांचा पांढरा फेटा दिसला, मामांचा अडकित्ता दिसला, पडद्याखालून दिसणारी तुझी पावलं दिसली. पावलं दिसली होती हे मी तुला कधी सांगितलं नाही. जोडवी नव्हती, आणि एका अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

त्या दिवशी डब्यात काय होतं ते मला कळलं आहे.

पत्रात लिहिणार नाही. फोनवर सांगणार नाही. सिंधूजवळ निरोप ठेवणार नाही. तू माझ्यासमोर उभी राहिलीस की सांगेन. ओळख बरं, मी ओळखलं की नाही.

तुझा
नारायण


अमडापूर, दसऱ्याची संध्याकाळ

प्रिय सत्यभामा,

सोबत आपट्याची दोन पानं ठेवली आहेत. सोनं घे, सोन्यासारखी राहा. पानं सुकून पोचतील, पण सोनं सुकलं तरी सोनंच.

परवा दुपारी फोन वाजला. मी हॅलो म्हणालो, पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास. मग मागून रेल्वेचा भोंगा वाजला आणि फोन ठेवला गेला. आपल्या ओळखीत रेल्वेजवळ कोण राहतं, याचा मी फार विचार केला नाही. पण सिंधूनं काल मला हळूच सांगितलं, की आई माझ्या मागं लागली आहे, तुझ्या बाबांना फोन करून विचार, खरंच ओळखलं का थापा मारून राहिले. सिंधूनं 'तूच विचार' म्हटल्यावर तू पुन्हा देवळात गेलीस.

आज सोनं द्यायला वच्छलाबाई आली होती. पदराखाली झाकलेलं ताट. म्हणाली, "भाऊजी, अनारसे हाये. कोजागरीच्या डब्यात टाका. सत्यभामेले सांगू नका."

मी हात जोडले. म्हणालो, "वच्छलाबाई, आमच्या डब्यात आमच्या घरचाच खाऊ जाते. दगड झाला तरी."

मला वाटलं ती फणकारेल. ती बसली. ताट मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "तिले लिहा, बोरकूट काजलनं ओळखलं, म्या नाही. माह्यात दम असता तं आजवर तिचा खाऊ ओळखला नसता काय? नळाले पाणी येते, तं मी एकटीच भरतो. भांडाले बी कोणी नाही." जाताना अनारसे ठेवून गेली. दोन मी खाल्ले. छान होते, पण तुझे जास्त जाळीदार होतात. हे तिला सांगितलं नाही.

आता खरं सांगतो. कोजागरी जवळ आली आणि माझा धीर सुटत चालला आहे. पोरींना पाठवणीची गाणी अर्धीच येतात, पुढची फक्त तुला येतात. त्या आपसात कुजबुजतात की यंदा आबांकडे कोजागरी होणार नाही, दुसऱ्या आळीत जाऊ. आपलं लग्न झालं त्या वर्षापासून या घरातून भुलाबाई कधी गाण्यावाचून गेली नाही. तू आल्यावर हा अंगणातला सण सुरू झाला, तू नसताना तो मोडला तर त्या अंगणात मी खाट टाकून कसा झोपू? तुझ्याशी अष्टाचंग खेळताना मी मुद्दाम हरत होतो असं तुला वाटायचं. मुद्दाम नव्हतो हरत. खरंच हरत होतो. आता एकटाच पट मांडतो आणि दोन्हीकडून खेळतो, तरी तुझीच सोंगटी आधी घरात जाते.

आज पट मांडून बसलो होतो तेव्हा एक गोष्ट टाळक्यात शिरली. गोष्टीत रुसून गेला तो, आणि वेश घेऊन आणायला गेली ती. आपल्याकडे उलटं झालं आहे. रुसलीस तू. मग वेश कोणी घ्यायचा?

बघतो आता.

तुझा
नारायण


अमडापूर, कोजागरी, सकाळ

सत्यभामा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. सीताफळांच्या टोपलीच्या तळाशी ठेवून मीच घेऊन येणार हावो. म्हणून आज मला-तुला बाजूले ठेवलं. आज हात बोलल्यासारखा लिहिते, लिहू दे त्याले.

मी ठरवलं ते असं. नांदुऱ्याले सिंधूच्या गल्लीत एक म्हातारा सीताफळवाला येईन. डोक्यावर तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर टोपली. तू ओट्यावर बसून वाती करत असशील. तो म्हणीन, घ्या वो बाई, डोंगराची सीताफळं. तू भाव करशील. तू भाव केल्याशिवाय राहणार नाही. तो भाव पाडणार नाही. मग तू चिडून वर पाहशील. पुढचं भुलाबाईच्या मनावर.

मुंडासं माह्या लग्नातलं सापडलं, कसर लागली आहे पण रंग टिकून आहे. मिशी नव्हती, तं काजलनं काजळानं काढून देली. मागं सरून पाहिलं आन् म्हणाली, "आबा, तुमी सीताफळवाले नाही, मिरवणुकीतले लेझीमवाले दिसता." मी म्हणालो चालते. तुही आजी लेझीमवाल्यालेही भाव विचारीन.

पोरगी आज भलतीच खुशीत आहे. सकाळपासून दोनदा येऊन गेली. आमच्या प्रतीक्षासंग फोनवर काय कुजबुजते तेही सांगत नाही. आन् जाता जाता तिनं भुलाबाईचं तोंड फिरवून ठेवलं. मी म्हणालो, अगं, आजी यायची आहे अजून, मी आणाले जातो, मग फिरवू. तं म्हणते, "राहू द्या आबा, तिची मान दुखली असन." भुलाबाई आता सरळ दाराकडे पाहून राहिली आहे. महिनाभरानं तिचं तोंड पाहिलं. कुंभारानं हसरं केलं होतं, माह्या ध्यानातही नव्हतं.

आता ते सांगतो. तोंडानंच सांगणार होतो, पण तू समोर उभी राहिल्यावर माह्या तोंडातून शब्द फुटेल याची खात्री नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी विसरलो तं टोपलीतून काढून वाच.

चिंचोके.

गडव्यात मी आपल्या अष्टाचंगाचे चिंचोके टाकले होते. बीबीले त्या दिवशी खाऊ आधीच संपला होता, हो ना? आम्ही पाहुणे अवचित आलो, असेल तो खाऊ आमच्यासमोर बशीत आला. डबा रिकामा राहिला आन् पोरी तं ओळखाले बसल्या होत्या. तू आपली भावाच्या खेळातले चिंचोके टाकून हलवत राहिली. कोण ओळखणार? खायची वस्तूच नव्हती. मी फुटाणे म्हणालो तेव्हा माह्या पुढ्यातल्या बशीत फुटाणे होते, म्हणजे मी बरोबरच होतो, फक्त डबा चुकला. आन् तू तेवढ्या माणसात, पडद्यामागून, ठणकावून न्हाई म्हणाली.

म्हणजे पहिली लबाडी तुही, सत्यभामा. माही कविता फार नंतरची. या गोष्टीवर आपण नांदुऱ्याहून येताना गाडीत भांडू. खामगावले गाडी बदलेपर्यंत पुरलं पाहिजे, मग पुढं गप्प बसून खिडकीतून पाहू. आल्यावर तू पोरीले पाठवणीची गाणी म्हणून दाखव, मी दूध आटवतो. ते मले जमते.

खरं तं मले हे कळल्यावर रडू का हसू असं झालं होतं. इतकी वर्षं मी त्या डब्याले पेढे समजलो, करंज्या समजलो, एकदा तं केशर घातलेला बुंदीचा लाडूही समजलो. डबा रिकामा होता आन् तू तो असा वाजवला का मी लग्न करून बसलो. याच्याहून मोठं भुलवणं रानातल्या त्या बाईलेही जमलं नसन.

गणेशले रिक्षा घेऊन यायले सांगितलं आहे, तो बसस्टँडवर सोडीन. टोपली भरून दाराशी ठेवली आहे. तुहा चष्माही घेतला. चप्पल कुठं गेली ते...

कडी वाजली. गणेश आला वाटते. आज वेळेच्या आधीच, नवल आहे.

गणेश नाही. आलो रे म्हणालो तं कोणी बोललं नाही. पुन्हा म्हणालो, कोण हाये. तरी नाही. काजल अंगणातून खिडकीत आली, तोंडावर हात धरून हसून राहिली आहे. तिच्या मांग आमची प्रतीक्षा. हे नांदुऱ्याची पोरगी इथं काऊन?

दाराबाहेर आवाज येऊन राहिला.

खुळ् खुळ् खुळुक.

पितळेचा. शेवटी अडखळणारा.

घाईत अक्षर वाकडं जाऊन राहिलं, तू नंतर नावं ठेवू नको. मुंडासं सुटून गळ्यात आलं, मिशी पुसली गेली असन. बसल्या जागेवरून, बीबीच्या ओसरीत म्हणालो होतो तेवढ्याच मोठ्यानं म्हणालो, "चिंचोके."

डबा थांबला. खिडकीतल्या पोरीही थांबल्या. भुलाबाई दाराकडे पाहून हसून राहिली.

मग दारामागून, थकलेला, धापा टाकणारा, प्रवासाच्या धुळीचा, पण ठणठणीत आवाज आला.

"न्हाई."